भाचा परदेशात हॉटेलच्या गॅलरीतून पडला आणि वाचला – अनुभव, आणि थोडी विचारपूस

रेडिंगची_मावशी

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको यात दहा महिने गेले. शेवटी ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मावशी, लिही. पण लिहिणार असलीस तर बिअरचंही लिही, नाहीतर लोक वाचतील आणि म्हणतील आमचा मुलगा असं करणार नाही." म्हणून सगळं लिहितेय.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सांगलीचा, वय २३, लीड्सला एमएस्सी करत होता. मागच्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर पाच मित्र मिळून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले, मगालूफ नावाच्या गावात. स्वस्त विमान, स्वस्त हॉटेल, समोर समुद्र. दुसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या.

तिसऱ्या रात्री पावणेदोनला हा मित्रांच्या खोलीत गप्पा मारत बसला होता. झोप आली म्हणून आपल्या खोलीकडे गेला, तर कार्ड आत राहिलेलं आणि आतला मित्र गाढ झोपलेला. दार वाजवून दमला. खाली रिसेप्शनला जाऊन दुसरं कार्ड मागायचं, एवढंच काम होतं. पण मित्रांच्या गॅलरीतून त्याची स्वतःची गॅलरी दिसत होती. दार उघडं, दिवा चालू, कठड्यावर त्याचाच टॉवेल वाळत घातलेला. मध्ये अंतर हातभर. तीन बिअर पोटात होत्या. एक पाय कठड्यापलीकडे टाकला, दुसरा उचलला आणि ओली स्लीपर सटकली.

पुढचं त्याला आठवत नाही. मित्रांना आठवतं. आवाज कसा आला ते त्यातल्या एकाने मला दवाखान्यात सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

तो पोहण्याच्या तलावाशेजारी, हिरवळ आणि फरशी जिथे मिळतात तिथे पायांवर पडला आणि मग कुशीवर कलंडला. शुद्ध होती. ओरडत होता. मित्र धावत खाली आले. दोघांनी त्याला उचलून तलावाजवळच्या आरामखुर्चीवर ठेवायचं ठरवलं, एकाने काखेत हातही घातले होते. तेवढ्यात तळमजल्याच्या खोलीतून एक बाई रात्रीच्या कपड्यांतच धावत आल्या आणि एवढ्या जोरात ओरडल्या की मुलं जागच्या जागी थिजली. जर्मनीतल्या नर्स, नवऱ्याबरोबर सुट्टीवर आलेल्या. त्या फरशीवर पालथ्या झोपल्या, दोन्ही कोपरं जमिनीला टेकवली, याचं डोकं दोन तळव्यांत धरलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसूभर हलू दिलं नाही. बावीस मिनिटं. कोपरं सोलून निघाली त्यांची. मोडक्या इंग्रजीत एकच विचारत राहिल्या: पायाची बोटं हलव, अंगठा हलव. उजवा हलत होता. डावा हलत नव्हता.

मला इंग्लंडमध्ये रात्री सव्वाला फोन आला. मी ताईला केला तेव्हा सांगलीत पहाटेचे पावणेसहा वाजले होते, ती दूध तापवत होती. काय बोलले आठवत नाही. दूध उतू गेल्याचा चर्रर्र आवाज फोनवर ऐकू आला, तो अजून कानात आहे. सकाळच्या पहिल्या विमानाने मी मायोर्काच्या मुख्य शहरी, पाल्माला पोचले. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून जाता आलं. ताई आणि भावजींना व्हिसा मिळून तिथे पोचायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस त्यांनी कसे काढले असतील ते त्यांनाच ठाऊक.

दोन्ही टाचा फुटलेल्या. कमरेच्या वरचा मणका, एल-वन, चिरडलेला. कटीच्या हाडाला तडा, डावं मनगट मोडलेलं. त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया झाली, सळ्या आणि स्क्रू घातले. डावा पाय अकरा दिवस निर्जीव होता. बाराव्या दिवशी दुपारी अंगठा हलला. ताईने तिथल्या तिथे हात जोडले. शेजारच्या खाटेवरच्या स्पॅनिश आजीबाईंनीही छातीवर क्रूस काढला. भाषा कळत नव्हती, पण आई कळत होती.

आज तो काठीशिवाय चालतो. जिने चढतो. थंडीत टाचा दुखतात. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, एवढंच म्हणते.

पण विम्याने पैसे नाकारले. त्यावर नंतर लिहीन, आत्ता लिहायला घेतलं तर हात थरथरतो. मला विचारायचं आहे ते असं. गॅलरीचा कठडा किती उंच असायला हवा याचा काही नियम असतो का? आणि अशा वेळी पहिल्या तासात काय करावं, काय करू नये, हे जाणकारांनी इथे लिहून ठेवाल का? आपली कितीतरी मुलं आता बाहेर आहेत.

पारिजात७

ताई, अंगावर काटा आला. त्या नर्सबाईंना दंडवत. वाचतेय.

देशपांडे_काका_सातारा

मुलगा वाचला याचा आनंद आहे. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आईबाप कर्ज काढून पाठवतात आणि मुलं तिकडे दारू पिऊन गॅलऱ्या ओलांडतात. हा अपघात नाही, ही मस्ती आहे. कठड्याच्या उंचीचा इथे काय संबंध? कठडा उंच असता तरी तो चढलाच असता.

बार्सिलोनाकर

काका, तुमचा राग समजतो, पण या जागेबद्दल थोडं सांगतो. मी स्पेनमध्ये १२ वर्षं आहे. इथे या प्रकाराला चक्क एक शब्द आहे, 'बाल्कोनिंग'. मगालूफ, पाल्माची किनारपट्टी आणि इबिझातलं सान्त आन्तोनी या गावांत दर उन्हाळ्यात पर्यटक गॅलऱ्यांतून पडतात. काही तलावात उडी मारायला जातात, काही एका गॅलरीतून दुसरीत. पाल्माच्या सोन एस्पासेस रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी २०१० ते २०१५ या काळात त्यांच्याकडे आलेल्या अशा ४६ रुग्णांचा अभ्यास केला होता. सरासरी वय २४. सर्वात जास्त ब्रिटिश, जवळजवळ सगळे पुरुष, जवळजवळ सगळ्यांनी मद्य घेतलेलं. पडण्याची सरासरी उंची ८ मीटर. आणि महत्त्वाचं म्हणजे बहुतेक जण उडी मारून नव्हे तर तोल जाऊन पडलेले होते. इथल्या वर्तमानपत्रांत मात्र सगळ्यांवर 'बाल्कोनिंग' असा एकच शिक्का बसतो. मग वाचलेल्या मुलाकडेही लोक त्याच नजरेने बघतात.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. बालेआरिक बेटांच्या (मायोर्का, इबिझा त्यातच येतात) सरकारने जानेवारी २०२० मध्ये एक अध्यादेश काढला. या गावांतल्या ठरावीक भागांत 'एकावर एक मोफत' दारू, रात्री साडेनऊनंतर दुकानांतली दारूविक्री आणि एका बारमधून दुसऱ्यात पीत जायच्या मिरवणुका बंद केल्या. गॅलरीतून उड्या मारणाऱ्याला ६,००० ते ६०,००० युरो दंड, शिवाय हॉटेलने त्याला त्याच वेळी बाहेर काढायचं. २०२४ मध्ये त्या भागांत रस्त्यावर पिण्यालाही बंदी आली. दंडाने किती फरक पडतो याबद्दल लोकांचं एकमत नाही. पण ज्या गावाचा अख्खा हंगाम स्वस्त दारूवर चालतो, तिथे २३ वर्षांच्या पोरावर सगळा दोष टाकून आपण मोकळं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रेडिंगची_मावशी

देशपांडेकाका, राग नाही. तुम्ही लिहिलंत तेच भावजी पहिल्या दिवशी फोनवर बोलले होते, याहून कडक शब्दांत. मग सहा दिवसांनी दवाखान्याच्या दारात आले, त्याला नळ्या लावलेलं पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हापासून एक शब्द बोलले नाहीत त्यावर. चूक त्याची आहे. तो स्वतः रोज म्हणतो. पण एवढी छोटी चूक आणि एवढी मोठी शिक्षा यांचा मेळ मला अजून बसत नाही. लहानपणी सांगलीच्या वाड्यात हीच पोरं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जायची, आपणही जायचो. त्याच्या डोक्यात तेच होतं, "हातभरच तर आहे".

हाडवैद्य_नव्हे_डॉक्टर

ताई, मी कोल्हापूरला अस्थिरोग विभागात काम करतो. आमच्याकडे झाडावरून, विहिरीच्या काठावरून, बांधकामाच्या पराचीवरून पडलेले येतात, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरून पडणारा माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला वेळ नसतो. पायांवर पडलं तर धक्का टाचेतून गुडघ्यात, तिथून कटीत आणि मग कण्यात चढतो. छातीचा भाग फासळ्यांनी बांधलेला आणि कंबर मोकळी, त्या सांध्यावरचे मणके, बारावा छातीचा आणि पहिला कमरेचा, तिथे सगळा भार येतो. म्हणून टाच फुटलेला रुग्ण आला की आम्ही कमरेचा फोटो काढल्याशिवाय सोडत नाही. टाच फुटलेल्या दहांतल्या एकाचा मणकाही मोडलेला असतो, आणि टाचेच्या कळांपुढे पाठीचं दुखणं त्याला स्वतःला जाणवत नाही.

ट्रॉमाच्या, म्हणजे अपघाती इजांच्या, पाठ्यपुस्तकांत ढोबळमानाने असं धरतात की चार मजल्यांवरून पडलेल्यांपैकी निम्मे दगावतात आणि सात मजल्यांवरून नव्वद टक्के. पण हा आकडा कुठे पडला, कसा पडला यावर फार बदलतो. तुमच्या भाच्याचा एक पाय तरी हिरवळीवर आला असेल तर मऊ मातीने तो धक्का काही सेंटीमीटरांत वाटून घेतला. फरशी तसं करत नाही. डोक्यावर पडला असता तर आपण आज हे बोलत नसतो.

आता उचलण्याबद्दल. मोडलेल्या मणक्याचे तुकडे मज्जारज्जूला टेकलेले असतात. तो मित्र काखेत हात घालून उचलणार होता ना? कंबर तिथेच दुमडली असती आणि टेकलेला तुकडा आत घुसला असता. डावा पाय परत आला त्याचं श्रेय शस्त्रक्रियेला आहेच, पण त्या बाईंच्या बावीस मिनिटांनाही तेवढंच आहे. त्यांनी जे केलं त्याला हाताने मान स्थिर धरणं म्हणतात. आम्ही शिकाऊ डॉक्टरांना शिकवतो तेव्हा पाच मिनिटांत त्यांचे हात भरून येतात.

कुणावर अशी वेळ आली तर एवढंच: जिथे पडलाय तिथेच राहू द्या. डोकं दोन्ही बाजूंनी धरा आणि त्याला मान वळवू देऊ नका, म्हणून त्याच्या नजरेसमोर राहूनच बोला. पाणी पाजू नका, लगेच भूल द्यावी लागू शकते. रक्त वाहत असेल तर तिथे दाबून धरा. पांघरूण घाला, अंग गार पडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. उलटी येत असेल किंवा श्वास अडत असेल तरच कुशीवर वळवायचं, तेही तिघाचौघांनी मिळून, डोकं, खांदा, कंबर एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका फिरवावा तसं. श्वासच थांबला असेल तर मात्र मणक्याचा विचार बाजूला ठेवून छाती दाबायला सुरुवात करायची. आणि "मला काही झालं नाही" म्हणून उठून बसणाऱ्यालाही उठू देऊ नका. पोटातल्या रक्तस्रावाचा रुग्ण पहिला अर्धा तास छान बोलतो.

नकाशावाला

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुण्यात. देशपांडेकाका, कठड्याचा संबंध आहे, सांगतो.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या ५५ ते ५७ टक्क्यांवर असतो. म्हणजे पावणेसहा फुटी माणसाचा जमिनीपासून साधारण ९६ ते १०० सेंटीमीटरवर, बेंबीच्या आसपास. कठडा याहून उंच असेल तर माणूस धडकला, झोकांडी गेली, वाकून खाली बघितलं तरी शरीर आतच राहतं. कठडा याहून खाली असेल तर तोच कठडा तरफेच्या टेकूसारखा होतो. पाय उचलले जातात आणि माणूस उलटतो. पडणाऱ्याने काहीही 'केलेलं' नसतं.

ब्रिटनमध्ये बाहेरच्या गॅलरीला किमान ११० सेंटीमीटर लागतात. अमेरिकेत ४२ इंच, म्हणजे जवळजवळ १०७. स्पेनच्या २००६ च्या बांधकाम संहितेत गॅलरीपासून खालच्या जमिनीपर्यंत ६ मीटरपर्यंत अंतर असेल तर ९० सेंटीमीटर चालतात, त्यापुढे ११०. आता गंमत नाही, गांभीर्याने बघा. ९० म्हणजे उंच मुलाच्या बेंबीच्या खाली. त्यात मायोर्काची बरीच हॉटेलं साठ-सत्तरच्या दशकांतली, पर्यटनाची पहिली लाट आली तेव्हाची. तेव्हा ही संहिताच नव्हती.

दुसरी गोष्ट खुर्चीची. हॉटेलच्या गॅलरीत एक छोटं टेबल आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. खुर्चीची बैठक ४० ते ४५ सेंटीमीटरवर. फोटो काढायला, समुद्र नीट दिसावा म्हणून, टॉवेल लांब टाकायला कुणी खुर्चीवर चढलं की ११० चा कायदेशीर कठडा ६५ चा होतो, गुडघ्याच्या जरा वर. लहान मूल बरोबर असेल तर हे आणखी वाईट. मी कुठेही गेलो की खोलीत बॅग ठेवायच्या आधी खुर्च्या आणि टेबल आत घेतो. मग कठडा दोन्ही हातांनी धरून हलवून बघतो, गॅलरीत पूर्ण पाऊल न टाकता. समुद्रकाठी खारी हवा लोखंडी खांबाच्या बुडाशी गंज धरवते. वरून ताजा रंग असतो आणि खाली फरशीत जिथे खांब रोवलाय तिथे तपकिरी ओघळ दिसतो. तो ओघळ दिसला की खोली बदलून मागा. उभ्या गजांमधून १० सेंटीमीटरचा चेंडू जाता कामा नये, आणि आडवे गज असतील तर मुलांसाठी ती शिडीच आहे.

कठडा सोडा, अख्खी गॅलरीही जाते. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका इमारतीची पाचव्या पातळीवरची गॅलरी वाढदिवसाच्या पार्टीत कोसळली. उन्हाळी कामासाठी आलेले आयरिश विद्यार्थी होते. सहा जण गेले, सात जण जबर जखमी होऊन वाचले. सुरुवातीला काही बातम्यांचा सूर हाच होता, 'पोरांची पार्टी'. तपासात निघालं की आतलं लाकूड पाणी मुरून कुजलेलं होतं. नंतर २०१८ मध्ये तिथे गॅलऱ्यांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला.

देशपांडे_काका_सातारा

नकाशावाले, पटलं. तरफेचं मला माहीत नव्हतं. माझा नातू चार वर्षांचा आहे आणि आमच्या गॅलरीला आडवे गज आहेत. उद्याच जाळी बसवणारा बोलावतो. ताई, माझं वाक्य कठोर होतं, मागे घेतो.

रेडिंगची_मावशी

काका, मागे घेऊ नका, राहू दे. घरोघरी तेच बोललं जातं. तुमचं वाचून जाळी बसली तर बरंच झालं.

आता विम्याचं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, काढताना ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, तो त्याच्याकडे होता. ऑनलाइन, सर्वात स्वस्त, दोन मिनिटांत घेतलेला. पॉलिसीची ३८ पानं कुणी वाचली नव्हती. मी ती दवाखान्याच्या बाकावर बसून वाचली. सव्विसाव्या पानावर लिहिलं होतं की मद्याच्या अमलाखाली झालेली इजा धरली जाणार नाही. त्याखालीच दुसरी ओळ: एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत चढल्याने, उंची कितीही असो, झालेली इजा धरली जाणार नाही. म्हणजे ही गोष्ट इतक्यांदा घडलेली होती की तिचं छापील कलम होतं. फक्त आम्हालाच पहिल्यांदा कळत होती.

कंपनीने नाव नोंदवून घेतलं, चार दिवस "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणाले, पाचव्या दिवशी दोन ओळींची मेल आली. आम्ही तक्रार केली, तीही फेटाळली. कायद्याने त्यांचं बरोबर असेल. पण त्या चार दिवसांत रोज फोनवर मला "काळजी करू नका" म्हणणारा माणूस सहाव्या दिवशी फोन उचलेना, याचा सल मात्र गेला नाही. भावजींनी तासगावची द्राक्षबाग गहाण टाकली.

कलम_वाचा

मी विमा क्षेत्रात २० वर्षं आहे. ताई, तुमच्या बाबतीत दुसरं कलम स्पष्ट होतं, त्यामुळे फार वाव नव्हता. पण इतरांसाठी लिहितो. मद्याचं कलम सगळीकडे सारखं नसतं. कुठे 'मद्य घेतलेलं असताना' एवढंच असतं, कुठे 'अतिमद्यपानामुळे'. या दोन शब्दांत लाखो रुपयांचं अंतर आहे. मद्यामुळेच अपघात झाला की नुसतं मद्य घेतलेलं होतं, हा वादाचा खरा मुद्दा असतो. हॉटेलचा कठडाच तुटला आणि माणसाने एक ग्लास वाइन घेतली होती, तर दावा लढवण्यासारखा आहे. अशा वेळी कठड्याचे फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त झालेला असतो. पोलिसांच्या अहवालाची प्रत मागून घ्या, साक्षीदारांचे फोन नंबर लिहून ठेवा.

आणि दवाखान्यात दाखल केल्या केल्या, पहिल्या दिवशीच, पॉलिसीवरच्या चोवीस तास मदतीच्या क्रमांकावर फोन. उशिरा कळवलं हेही नाकारण्याचं कारण होऊ शकतं. बोललेल्या माणसाचं नाव आणि वेळ वहीत लिहा. भारतात घेतलेली पॉलिसी असेल आणि कंपनीने तक्रार फेटाळली, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यातही कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी नाही. ब्रिटनमध्ये फायनान्शियल ओम्बड्समन आहे, तोही फुकट.

पणजीचो_पाव्स

आमच्या गोव्यातही किनाऱ्यालगतच्या जुन्या गेस्ट हाउसांचे कठडे मांडीपर्यंतच असतात, बसायला म्हणून बांधलेले, वर गुळगुळीत लाल कोबा. संध्याकाळी पाहुणे त्याच्यावरच ग्लास घेऊन बसतात, पाठ बाहेरच्या बाजूला. मी एका छोट्या हॉटेलात काम बघतो. हा धागा वाचून मालकाला सांगितलं, पहिल्या मजल्यावर कठड्यावर स्टीलचा पाइप घालू. हो म्हणाले आहेत, पावसाआधी करू.

लीड्सचा_मुलगा

मी तोच. मावशीने लिंक पाठवली. इथे खातं नव्हतं, आज काढलं.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. देशपांडे आजोबांचाही. मला एवढंच सांगायचं आहे की 'जीव धोक्यात घालतोय' असं त्या क्षणी अजिबात वाटलं नव्हतं. पडायच्या आधी मी मित्राला "टॉवेल घेऊन येतो" म्हणालो होतो. घाबरलो असतो तर थांबलो असतो. भीती वाटलीच नाही. रिसेप्शनला जायला लिफ्टने दोन मिनिटं लागली असती.

हिशोब सांगतो, कारण माझ्या वयाची मुलं वाचत असतील. पाच आठवडे पाल्माला, मग पट्टा बांधून व्हीलचेअरवरून विमानाने इंग्लंडला. विद्यार्थी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला होता, त्यामुळे पुढचे उपचार आणि फिजिओ तिथे सरकारी व्यवस्थेत झाले, पैसे पडले नाहीत. तीन महिने पाय जमिनीला टेकवायचे नव्हते. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा चक्कर येऊन फिजिओच्या अंगावर पडलो. टाचेचं हाड पसरट जुळलंय, बूट एक नंबर मोठा लागतो. प्रबंध सहा महिने उशिरा दिला, पास झालो. आता नोकरी करतो आणि दर महिन्याला बागेचा हप्ता मी भरतो.

ज्याने मला काखेत धरलं होतं तो मित्र अजून स्वतःला दोष देतो की मी जवळजवळ उचललाच होता. त्याने उचललं नाही. मी त्याला दर वेळी हेच सांगतो.

पारिजात७

बाळा, सुखी राहा. ताई, त्या जर्मन बाईंशी संपर्क आहे का?

रेडिंगची_मावशी

आहे. त्या सकाळी रुग्णालयात आल्या होत्या, कोपरांना पट्ट्या बांधून. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला जर्मन येत नाही. ताई आल्यावर दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या, तासभर, न बोलता. दिवाळीला ताईने सांगलीहून शंकरपाळ्या आणि बेसनाचे लाडू पाठवले, महिनाभराने पोचले. त्यांचं उत्तर आलं त्यात आभार दुसऱ्या ओळीत होते. पहिल्या ओळीत विचारलं होतं, डावा अंगठा आता किती हलतो?

अनघा_नाशिक

ताई, हा धागा मी काल रात्री वाचायला घेतला आणि झोप लागली नाही. माझी लेक उद्या पहाटे मैत्रिणींबरोबर फुकेतला चाललीय. पहिल्यांदाच आमच्याशिवाय. घाबरवायचं नाही तिला. काय सांगू? काय लिहून देऊ बरोबर?

रेडिंगची_मावशी

अनघाताई, घाबरवू नका, धागाच वाचायला द्या. आणि एका कागदावर लिहून तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, फोनमध्ये नको, फोन फुटतो किंवा लॉक असतो. रक्तगट, औषधाची ॲलर्जी, पॉलिसी नंबर आणि मदतीचा क्रमांक, तुमचा नंबर देशाच्या कोडसकट. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५, तिथे इंग्रजी समजतं. आपल्या वकिलातीचा आपत्कालीन नंबर. वकिलात सहसा दवाखान्याचं बिल भरत नाही हे आधीच माहीत असू द्या, पण कागदपत्रं, घरच्यांशी संपर्क यात मदत मिळते. पॉलिसीतलं 'काय धरलं जाणार नाही' हे पान आज रात्री तुम्ही स्वतः वाचा. आणि खोलीच्या चाव्या दोन मागून घ्यायला सांगा. प्रत्येकीकडे स्वतःची.

नकाशावाला

आणि खुर्च्या, ताई.

अनघा_नाशिक

पॉलिसी वाचली. मद्याचं कलम आहे, चढण्याचंही आहे. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने ऐकून घेतलं. कागद कव्हरमध्ये ठेवलाय.

अनघा_नाशिक

पोचल्या. आत्ताच व्हिडिओ कॉल झाला. तिसरा मजला आहे. चाव्या दोन मिळाल्या. गॅलरीतल्या खुर्च्या आत आणल्यात, एकीवर तिची बॅग ठेवलेली दिसली.